हडळ काय सांगत होती?

लक्ष्मीपूजनाची रात्र ही अमावास्येची रात्र. त्या दिवशी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणून पुजतो. जुन्या घरांतून त्याच मध्यरात्री सूप वाजवत, घर झाडत अलक्ष्मीला बाहेर काढायची प्रथा होती. ही अलक्ष्मी लक्ष्मीची थोरली बहीण. एक बहीण पाटावर, दुसरी उंबऱ्याबाहेर. तेव्हा दिवाळी अंकात भुताखेतांचा विषय कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांना एवढंच म्हणेन की बाईला घराबाहेर काढायचं आणि मग तिचीच भीती बाळगायची, हे आपल्या सणालाही नवीन नाही.

विषय सुचला तो मुलांमुळे. जून ते सप्टेंबर मुसफ्फात दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. शाबियातल्या घराघरांत पडदे ओढलेले, एसी चालू आणि आठवी ते बारावीची मुलं एकत्र बसून भयपट बघत असतात. थिएटरात वयाची अट पाळली जाते. घरच्या पडद्याला दारवान नसतो. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी पालक हेच म्हणतात, ‘‘काय ते भुताचे सिनेमे बघतात सारखे!’’ असं म्हणणाऱ्या आपल्या पिढीने नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी रात्री पांघरुणात वाचले आहेत आणि रामसे बंधूंचे सिनेमे कॅसेट भाड्याने आणून पाहिले आहेत. त्यामुळे बघावेत की नाही हा वाद बाजूला ठेवू. हे सिनेमे मुलांना, त्यातही मुलींबद्दल, काय सांगतात आणि एखादा सिनेमा वेगळं काही सांगू लागला की प्रेक्षकांतले काही लोक का चिडतात, ते बघू.

सुरुवात घरच्या भुतांपासून करू. मराठी मुलखात भुतांना नावं आहेत आणि ती नीट पाहिली तर गंमत दिसते. पुरुषांच्या भुतांत समंध असतो, त्याचा जीव धनात किंवा खुंटलेल्या वंशात अडकलेला. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेला. वेताळ तर भुतांचा राजाच, गावोगावी त्याची देवळंही आहेत. बायकांच्या भुतांची वाटणी मात्र वेगळी आहे. नवरा जिवंत असताना गेली ती जखीण. विधवा गेली ती लावसट. गरोदर किंवा बाळंतपणात गेली ती अळवंतीण. बाळंतपणानंतरच्या दहा दिवसांत, नाहीतर विटाळात गेली ती हडळ. म्हणजे पुरुष मेल्यावर त्याने काय हाव धरली, कुठे आणि कसा मेला ते विचारायचं. बाई मेल्यावर नवरा होता का, मूल झालं का, एवढंच विचारायचं. मेल्यावरसुद्धा तिची ओळख घरातल्या जागेवरूनच ठरली.

आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या नोंदी १९१५ साली प्रसिद्ध झाल्या. त्यातली बरीच माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली होती. तिथे ही सगळी भुतं भेटतात. बाळंतपणात गेलेली बाई परत येऊ नये म्हणून स्मशानाच्या वाटेवर राळे किंवा मोहरी टाकत जायची, खिळे ठोकायचे, असे उपायही जुन्या लोकांनी सांगून ठेवले आहेत. भीती समजण्यासारखी आहे. त्या काळी बाळंतपणात बायका खरोखरच मरत, आणि कोवळ्या वयात मरत. पण ती परत येईल असं घराला का वाटावं? जिचं सगळं नीट केलं, ती कशाला परत येईल? घाबरणाऱ्यांना आपण काय केलं हे ठाऊक होतं. हडळीच्या गोष्टीत भूत बाईचं असलं, तरी मन घरच्यांचं खात असतं.

आता सिनेमाकडे येऊ. १९८४ सालचा रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात सामरी नावाचा सैतान राजाला शाप देतो, की तुझ्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. भांडण दोन पुरुषांचं, भोग मात्र सुना-लेकींचे. त्या शापामुळे बाप मुलीला प्रेम करू देत नाही. तरुण मंडळी गाडी काढून जुन्या हवेलीकडे निघतात, ती याच कारणाने.

अमेरिकेतल्या टीनएज भयपटाचा साचा १९७८ च्या ‘हॅलोवीन’ने पक्का केला. मुखवटा घातलेला खुनी, गावात रात्री मुलं सांभाळणाऱ्या शाळकरी मुली. ज्या मुली मित्राला घरी बोलावतात त्या मरतात. जी पुस्तकं छातीशी धरून शाळेत जाते ती वाचते. कॅरोल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ मध्ये या वाचणाऱ्या मुलीला नाव दिलं : ‘फायनल गर्ल’, शेवटची मुलगी. आपल्या घरांतला ‘शहाण्या मुली असं वागत नाहीत’ हा धडा आणि हा साचा यांत फार अंतर नाही. पण ‘हॅलोवीन’मध्ये मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. लॉरी दिवसाढवळ्या मैत्रिणीला सांगते की कुंपणाआड कोणी उभं आहे. मैत्रीण तिची चेष्टा करते. रात्री खुनी मागे लागलेला असताना ती शेजाऱ्याच्या दारावर धडका देते, किंचाळते. आत दिवा लागतो, कोणी बाहेर डोकावतं, आणि पडदा बंद होतो.

मला वाटतं, या सगळ्या सिनेमांचा गाभा इथे आहे. मुखवटा, सुरा, उलटे पाय ही वरची सजावट. खरी भीती ही की मुलगी सांगते, काहीतरी गडबड आहे, आणि तिचं कोणी ऐकत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना हे सिनेमे का आवडतात, याचं उत्तरही यातच असावं. हा अनुभव त्यांना पडद्यावर पहिल्यांदा येत नाही.

स्टीफन किंगच्या १९७४ च्या कादंबरीवरून निघालेल्या ‘कॅरी’मध्ये (१९७६) शाळेच्या न्हाणीघरात एका मुलीला पहिल्यांदा पाळी येते. तिला कोणी काही सांगितलेलंच नसतं. वर्गातल्या मुली हसतात, आई त्याला पाप म्हणते. पुढे तिच्या हातून जो संहार होतो त्याची सुरुवात या न सांगण्यात आणि हसण्यात आहे. ‘विटाळात मेली ती हडळ’ असं मानणाऱ्या मुलखात ही गोष्ट परकी वाटायला नको.

मग २००९ साली ‘जेनिफर्स बॉडी’ आला. लेखिका डायब्लो कोडी, ‘जूनो’साठी ऑस्कर मिळालेली, दिग्दर्शिका कॅरिन कुसामा. प्रसिद्धीसाठी हपापलेला एक मुलांचा बँड शाळकरी जेनिफरचा सैतानाला बळी देतो. ती राक्षसीण होऊन परतते आणि मुलांना खाऊ लागते. तिला मारणारे गावात वीर ठरतात, त्यांचं गाणं गाजतं. आणि खरं काय ते ओळखणारी मैत्रीण नीडी शेवटी मनोरुग्णालयात पोचते. ही गोष्ट मुलींसाठी लिहिलेली होती. पण नायिका मेगन फॉक्स असल्यामुळे जाहिरात झाली ती तिच्या शरीराची, तरुण मुलग्यांना डोळ्यांसमोर ठेवून. मुलगे जे बघायला आले ते त्यांना मिळालं नाही, आणि ज्या मुलींसाठी सिनेमा होता त्या आल्याच नाहीत. समीक्षकांनी झोडपला, सिनेमा पडला. २०१७ मध्ये ‘मी टू’ची लाट आली, आणि मुलींनी तो पुन्हा पाहिला. काही पुरुष आपल्या नावासाठी एका मुलीचा बळी देतात आणि गाव त्यांच्या पाठीशी उभं राहतं, या गोष्टीत त्यांना आता ओळखीचं काही दिसलं. सिनेमा तोच होता. ऐकणारे बदलले होते.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे, म्हणून घेते. १९७४ च्या ‘ब्लॅक ख्रिसमस’ या भयपटाची नवी आवृत्ती डिसेंबर २०१९ मध्ये आली. दिग्दर्शिका सोफिया ताकाल, सहलेखिका एप्रिल वुल्फ. कॉलेजातल्या मुली, त्यांतल्या एकीवर तिथल्याच मुलांच्या संघटनेच्या म्होरक्याने केलेला बलात्कार, आणि तक्रार कानाआड करणारे कॉलेजचे सुरक्षावाले. लहान वयाच्या मुलींनाही बघता यावा म्हणून रक्तपात कमी ठेवून पीजी-१३ प्रमाणपत्र घेतलं होतं. ट्रेलर आल्या आल्याच ओरड सुरू झाली : हा भयपट नव्हे, भाषण आहे, हा पुरुषद्वेष आहे, आमच्या आवडत्या सिनेमाची वाट लावली. सिनेमा पडला.

इथे एक कबूल करायला हवं. सिनेमा खरंच फारसा चांगला नाही. पात्रं बोलताना घोषणा देतात, शेवटची जादूटोण्याची भानगड पटत नाही, आणि ट्रेलरनेच अर्धं गुपित फोडलं होतं. स्त्रीवादी असला म्हणजे सिनेमा आपोआप चांगला होत नाही, आणि तसं म्हणणाऱ्याला स्त्रीद्वेष्टा ठरवणंही बरोबर नाही. पण सिनेमा पाहून ‘जमला नाही’ म्हणणं वेगळं आणि न पाहताच ‘बायकांनी हे कशाला काढलं’ म्हणणं वेगळं. बायकांना कापून काढणारे शेकडो सुमार भयपट येऊन गेले. ‘हा पुरुषांचा प्रचार आहे’ असं म्हणत त्यांच्यावर कोणी धावून गेलं नाही. सुमारपणाची एवढी चीड एकाच बाजूला कशी येते? पडद्यावर कॉलेज त्या मुलीचं ऐकत नव्हतं. पडद्याबाहेर काही लोकांनी तेच केलं.

आपल्याकडे काय झालं? मराठीत याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’, जुलै २०१७ मध्ये आलेला. पूजा सावंतने रंगवलेली गरोदर नेहा नवऱ्याबरोबर शहर सोडून उसाच्या फडाच्या मधोमध असलेल्या घरात लपायला येते. घरातली तुळसाबाई (उषा नाईक) तिला माया लावते, खाऊपिऊ घालते आणि तिच्यावर बंधनंही घालते. नेहाला उसात मुलं दिसू लागतात. हळूहळू कळतं की भीती उसातल्या मुलांची नाही, घरातल्या माणसांची बाळगायला हवी होती. या घराला मुलगी नको असते, आणि ‘नको’ असलेल्या मुलींचं काय केलं हे सांगणारं भुताशिवाय कोणी उरलेलं नसतं.

हा सिनेमा लागण्याच्या चारच महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याजवळ पिशव्यांत पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला, म्हणून तो तपास सुरू झाला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. तरीही ० ते ६ वयोगटात राज्यात हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. ‘लपाछपी’ पाहताना अंगावर काटा येतो तो उसातल्या सळसळीने नाही, या आकड्यांनी.

‘लपाछपी’वर आपल्याकडे कोणी चिडलं नाही. उलट कौतुक झालं, आणि त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ केला. मराठी प्रेक्षक समंजस, असं म्हणून खूश व्हायला हरकत नाही. पण मला एक शंका आहे. सिनेमातलं पाप खेड्यात घडतं, अंधाऱ्या वाड्यात, अडाणी दिसणाऱ्या माणसांकडून. मल्टिप्लेक्समधल्या प्रेक्षकाला वाटतं, हे ‘त्यांचं’ आहे. प्रत्यक्षात गर्भलिंगनिदानाला सोनोग्राफीचं मशीन लागतं, शिकलेला डॉक्टर लागतो, हातात पैसा लागतो. बोट आपल्याकडे रोखलं नाही म्हणून आपण शांत राहिलो, असं तर नसेल?

हिंदीत ‘स्त्री’ने (२०१८) वेगळी युक्ती केली. चंदेरीच्या गावात रात्री पुरुषांनी एकटं बाहेर पडायचं नाही, उशीर करायचा नाही, अशी पाळी आली. मुलींना जन्मभर मिळणारी यादी मुलग्यांच्या हातात आली. प्रेक्षक पोट धरून हसले आणि सिनेमा तुफान चालला. हसवलं की कडू घोट गिळला जातो. अन्विता दत्त यांच्या ‘बुलबुल’ने (२०२०) हसवलं नाही. बंगालच्या जमीनदारवाड्यात आलेली बालवधू. तिचे पाय उलटे का झाले, तर नवऱ्याने मारून मारून मोडले म्हणून. हडळीच्या उलट्या पायांचं इतकं सरळ कारण आपल्याला कुठल्या आजीने सांगितलं नव्हतं. (हा सिनेमा मोठ्यांनी आधी पाहावा, लहान मुलांसाठी तो नाही.) त्यावर गदारोळ झाला, पण कशावरून? त्यातल्या एका जुन्या लोकगीतात राधा-कृष्णाबद्दल काय म्हटलंय त्यावरून. मोडलेल्या पायांवरून कोणी बहिष्काराची भाषा केली नाही.

आणि आता ‘मुंज्या’. जून २०२४ मध्ये आलेला हा आदित्य सरपोतदारांचा सिनेमा आपल्या मुलांनी जास्तीत जास्त वेळा पाहिलेला असावा. कोकण, मुंज, पिंपळ, आजीच्या भूमिकेत सुहास जोशी, सगळं ओळखीचं. १९५२ सालचा गोट्या आपल्याहून सात वर्षांनी मोठ्या मुन्नीवर जीव लावून बसतो. लग्न होणार नाही म्हटल्यावर अघोरी पूजा करायला निघतो, त्यासाठी सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला तयार होतो, आणि स्वतःच मरून मुंजा होतो. पिढ्या उलटतात, पण त्याचं एकच चालू असतं : लग्न करायचं. मुन्नी नाही तर तिच्या नातीच्या वयाची बेला. त्या मुलीचं मत विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

मुलांना तो छोटा, केसाळ, चिडखोर मुंजा भारी आवडला. मलाही हसू आलं. पण हसून झाल्यावर जाणवतं की भुतांच्या यादीत हा वेगळा आहे. हडळीवर अन्याय झाला म्हणून ती परतते. मुंज्यावर अन्याय झालेला नाही; त्याला फक्त ‘नाही’ म्हटलं गेलं. मुलीने, तिच्या घरच्यांनी, आपल्या आईने म्हटलेलं ‘नाही’ ज्याला ऐकूच येत नाही, तो मुलगा कायम त्याच वयात अडकून राहतो. माझ्या मते आपल्या मातीतला हा सगळ्यात उपयोगी टीनएज भयपट आहे, आणि तो आपण फक्त गोंडस भूत म्हणून खपवला तर फुकट गेला.

उपयोगी कुणाला? आपल्याला. इथे वाढलेल्या मुली रात्री दहाला शाबियातल्या बागेत चालून येतात, कोणाला काही वाटत नाही. त्याच मुली अठराव्या वर्षी पुण्या-मुंबईला, नागपूरला शिकायला जातात तेव्हा सोबत आपण एक यादी देतो : आठच्या आत परत ये, रिक्षाचा नंबर पाठव, हा ड्रेस तिथे नको, कोणी काही बोललं तर दुर्लक्ष कर. यादी काळजीपोटी असते, पण ती ‘हॅलोवीन’ची यादी आहे, वाचायचं असेल तर शहाण्यासारखी वाग. त्याच विमानाने, त्याच कॉलेजात आपला मुलगाही जातो. त्याच्या हातात आपण कुठली यादी देतो? बहुतेक घरांत डबा, लोणचं आणि ‘अभ्यास कर’.

म्हणून यंदाच्या सुट्टीत मुलांचा भयपट बंद करण्याऐवजी शेजारी बसून बघा. संपल्यावर शिकवणी घेऊ नका, मुलं पळून जातील. ‘ब्लॅक ख्रिसमस’ची तीच चूक झाली. तीन साधे प्रश्न विचारा. कोण मेलं, आणि सिनेमाच्या मते कशामुळे? कोणाचं सांगणं कोणी ऐकलं नाही? आणि भूत नसतंच, तर या घरात, या कॉलेजात काय बिघडलं होतं? मुलीला विचारा, तिचं असं न ऐकलेलं काही आहे का. ती सांगेल ते मध्येच न तोडता ऐका. ‘तुला वाटलं असेल’ हे वाक्य त्या दिवशी तरी नको. मुलाला विचारा, मुंज्याच्या जागी तू असतास तर मुन्नीच्या ‘नाही’वर काय केलं असतंस. पहिल्यांदा तो हसेल, विषय बदलेल, फोन उचलेल. थांबा. उत्तर द्यायला त्याला वेळ लागेल, आणि त्याच्या कॉलेजच्या प्रवेशाला अजून वर्ष-दोन वर्षं आहेत.